चार ते साडेचार

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
६ ऑक्टोबर १९९५

दस्तगीरभाई यांस,
जय भीम.

तुम्ही मला ओळखत नाही. नेसरी मुक्कामाची एसटी घेऊन एक दिवसाआड तुमच्याकडे जे ड्रायव्हर येतात, गणपती कुरणे, त्यांची मी बायको. तुमच्या चहाच्या टपरीमागच्या पडवीत ते बाजल्यावर झोपतात आणि अकरा वर्षं तुम्ही त्यांना पहाटे चारला हाक मारून उठवता. तुमच्या चहाचं आणि सुलतानबींच्या हातच्या रश्श्याचं आमच्या घरी इतकं बोलणं होतं की तुमचं घर मी न बघताच ओळखते.

एक काम आहे. यांना सांगू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही सांगालच. सांगा.

मागच्या महिन्यात पहाटे पाचला नेसरी सोडल्यावर गडहिंग्लजच्या अलीकडं यांचा डोळा लागला. क्षणभरच. गाडी डाव्या अंगाला खाली उतरली तेव्हा जागे झाले. गाडीत चाळीस माणसं होती, कुणाला कळलं नाही. कंडक्टर पिराजी तिकिटं फाडत होता, त्यालाही नाही. मला घरी येऊन सांगितलं. झोप साडेपाच तास होते, तरी उठल्यावर अंग शिशासारखं जड असतं म्हणतात.

मी शाळेत गेलेली नाही. लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले आणि पुढं हे गाडीत लोकांनी विसरलेली वर्तमानपत्रं आणायचे, त्यावर वाचायला शिकले. यंदा एक पुस्तक आणलं. डेपोत महिनोन् महिने पडून होतं, मागायला कुणी आलं नाही. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे कुणी लिहिलं ते सांगता येत नाही. ते झोपेवर आहे. त्यात म्हटलंय की माणूस रात्रभर एकसारखा झोपत नाही. झोपेच्या फेऱ्या असतात. एक फेरी साधारण दीड तासाची. आधी वरवर, मग खोल, मग परत वर. फेरी पुरी होताना उठवलं तर माणूस हलका उठतो. खोलात असताना उठवलं तर अंग उठतं आणि डोकं मागं राहतं.

हे साडेदहाला पडतात. बारा, दीड, तीन, साडेचार. अशा चार फेऱ्या. तुम्ही चारला उठवता म्हणजे चौथ्या फेरीत त्यांना थांबा नसलेल्या जागी उतरवता. तुमचं आयुष्य स्टँडवर गेलं, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर पटेल.

तेव्हा विनंती, यांना साडेचारला उठवा. पाचच्या गाडीला अर्धा तास पुरतो, पाणी तेवढं तापवून ठेवा. चाळीस माणसं असतात हो गाडीत.

आपली,
सोनूबाई गणपती कुरणे

•

नेसरी
१७ ऑक्टोबर १९९५

सोनूबाई वैनींना दस्तगीर चायवाल्याचा सलाम.

मी चौथी पास, तवा अक्षराला हसू नगा. तुमचं पत्र दादांनाच वाचाय दिलं. हसून हसून बाजल्यावरनं खाली पडायचं ऱ्हायलं. म्हणलं, "बघ दस्तग्या, लोकांच्या बायका नवऱ्याला उठवायच्या मागं असत्यात, माझी निजवायच्या मागं हाय."

मी म्हणलं, वैनीचं बरोबर हाय. आमची म्हस रवंथ करताना मधीच उठवली तर दूध चोरती. तर म्हणलं, "मला म्हशीत बसिवलास व्हय रं?"

हुकूम मान्य. मी पावणेचारला चूल पेटवाय उठतोयच, पाणी ठेवीन. साडेचारच्या आदी हाक मारणार न्हाय, मग कलेक्टर येऊं दे. पिराजी कंडक्टरची काळजी करू नगा, त्यो गाडीतच तिकिटाच्या पेटीला टेकून झोपतोय, त्याला उभा ठिवला तरी झोपल.

गाडी खाली उतरल्यालं दादांनी मला सांगितलं नव्हतं. म्हणजे मला बी हसत हसतच निजवत हुतं. आता मी सोडत न्हाय. साडेदहाला पानाचा डबा बंद आणि वर तुमचं नाव.

दस्तगीर

•

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
२० डिसेंबर १९९५

दस्तगीरभाई,
जय भीम.

दोन महिने झाले, म्हणून लिहिते. फरक आहे. आल्यावर आता चिडचिड नाही. रस्त्यात डोळा जड होत नाही म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील तर तसं तुम्ही कळवा.

आणखी एक झालंय. हल्ली घरी असतात त्या दिवशीही हाक न मारता चारच्या सुमाराला उठून बसतात. अंगाला वेळ कळायला लागली की असं होतं, पुस्तकात आहे. मी त्यांना "अर्धा तास आहे अजून" म्हणून परत निजवते. तुमच्याकडंही असं झालं तर निजवा. फेरी पुरी होऊ द्या.

थंडी वाढली म्हणून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून पाठवते आहे. ती नेसरीतच ठेवा, दर वेळी ने-आण नको. सोबत कांदा-लसणाची चटणी आहे ती सुलतानबींना. तिखट आहे.

सोनूबाई

•

नेसरी
२९ जानेवारी १९९६

वैनी,

काय लिवायचं कळत न्हाय. अठरा दिस झालं. रोज कागद घेऊन बसतोय.

डेपोतली मान्सं दादांना घेऊन गेली तवा मला गाडीत बस म्हणली हुती. मी बसलो न्हाय. पाय उचलला न्हाय. माफी करा.

अकरा तारखेला साडेचारला चा घेऊन गेलो. दादा म्हणून हाक मारली. कुशीवर हुतं, वाकळ गळ्यापत्तूर. दुसरी हाक मारली. मग हात लावला. डाक्टरला आणलं. त्येनी सांगितलं, हार्ट. झोपेतच गेलं वैनी, काय तरास झाला न्हाय. तोंड निवांत हुतं. हे मी बघितलंय, हे खरं हाय.

घड्याळ, डबा, फणी पिराजीजवळ दिल्या. पोचल्या आसतील.

रोजे सुरू हाईत. दुवा मागतोय.

दस्तगीर

•

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
१८ फेब्रुवारी १९९६

दस्तगीरभाई,

वस्तू पोचल्या. वाकळ आली नाही.

डॉक्टरांच्या कागदावर वेळ लिहिली आहे. चार ते साडेचारच्या दरम्यान. मी हा कागद पुष्कळ वेळा वाचला. अकरा वर्षं तुम्ही त्यांना चारला उठवत होता. तो अर्धा तास मी वाढवला. कुणी मागितला नव्हता, मी पुस्तक वाचून वाढवला.

त्या दिवशी चारला तुम्ही उठला होतात. तुम्ही नेहमीच पावणेचारला उठता असं तुम्हीच लिहिलं होतं. तेव्हा ते कसे होते? तुम्ही हाक मारली असती तर उठले असते का? लोक इथं येऊन सांगतात, त्याची वेळ आली होती. मला लोकांचं नको. तुम्ही तिथं होता. मला खरं सांगा, मी ऐकून घेईन.

सोनूबाई

•

नेसरी
३ मार्च १९९६

वैनी,

चारला मी बघितलं तवा गाढ झोपल्यालं. घोरत हुतं. तुमच्यावर काय न्हाय. कुनाचाच काय दोष न्हाय.

वाकळ माझ्याकडं ऱ्हाऊं दे. आता परत इचारू नगा, हात जोडतो.

दस्तगीर

•

नेसरी
१० ऑगस्ट २००३

सोनूअक्कांना सुलतानबीचा सलाम.

अक्षर माझ्या लेकीचं, जोयाचं हाय. बारावीला हाय ती. मी सांगती, ती लिहिती. सात वर्सं झाली, तुमचं आमचं पत्र न्हाय. तरी आज तुमच्याशिवाय कुणाला सांगू कळंना.

आमचं हे झोपत न्हाईत. दादा गेल्यापास्नं न्हाईत. दहाला पडत्यात, पावणेचारला उठत्यात आणि पडवीत त्याच बाजल्यावर जाऊन बसत्यात. चूल पेटवत न्हाईत, दिवा लावत न्हाईत, वाकळ मांडीवर घेऊन नुसतं बसत्यात. साडेचार झालं की उठून कामाला लागत्यात. आदी वाटलं चार म्हैन्यात जाईल. आता पार वाळल्यात. मागच्या आठवड्यात टपरीवर भर दुपारी बसल्या जागी डोळा लागला आणि उकळतं दूध पायावर आलं. पायाची साल निघाली. गडहिंग्लजच्या डाक्टरनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या म्हशीच्या आंबोणात टाकल्या. म्हस दोन दिस झोपली!

तुम्ही दादांच्या झोपेचं टाइमटेबल लावलंतं. तसं ह्यांचं लावून द्या अक्का. तुमचं नाव काढलं की मान खाली घालत्यात, म्हणून वाटतंय तुमचं ऐकतील.

(मावशी, म्हशीचं मी लिहिणार नव्हते, आई म्हणाली लिही. पण अब्बांचं खरंच बघवत नाही. पूर्वी रोज्यात सगळ्या गल्लीला सहरीला तेच उठवायचे, दारावर काठी वाजवून. आता कुणाच्या दारात जात नाहीत. — जोया)

•

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
२४ ऑगस्ट २००३

सुलतानबी,
जय भीम.

पत्र वाचलं. ते पुस्तक मी फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं. तुमच्यासाठी काढलं. वाळवीनं कडा खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे.

दहाला पडू देऊ नका, साडेदहाला पडू द्या. झोप आलेली नसताना अंथरुणात पडून राहिलं की अंथरुणाचीच भीती बसते. उठायचं साडेचारला, म्हणजे चार फेऱ्या. ज्या दिवशी टपरी उशिरा उघडायची असेल त्या दिवशी सहाला, म्हणजे पाच. पण पडायची वेळ एकच ठेवा, गडहिंग्लजच्या बाजाराचा दिवस असला तरी. संध्याकाळनंतर चहा नको. चहावाल्याला हे सांगणं अवघड आहे, पण सांगा. दुपारी डोळा लागला तर वीस मिनिटांनी हलवा, पाऊण तास झाला की माणूस खोलात जातो आणि उठल्यावर आणखी जड होतो. पाय भाजले ते तसंच झालं असणार. पहाटे चारला जाग आली तर दिवा नको, घड्याळ नको, उठून बसणं नको. कूस बदलून पडून राहायचं.

आता एक सांगते. हे सगळं मी लिहिते आहे, पण मलाही रोज चारला जाग येते. सात वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही. आधी उठून भांडी घासायचे. माझा मुलगा प्रसेनजीत म्हणाला, "आई, पहाटे चारला पातेल्यांची लढाई कशाला?" तेव्हापासून गप्प बसते. तेव्हा औषध देणारी स्वतः बरी झालेली नाही, हे जाणून औषध घ्या.

सोनूबाई

•

नेसरी
२ ऑक्टोबर २००३

सोनूअक्कांना सलाम.

तुमचा कागद जोयानं भिंतीला चिकटवला. ह्यांनी वाचला. आठ दिस साडेदहाला पडलं. दोन पहाटे तर साडेचारपत्तूर पडून बी ऱ्हायलं. मला वाटलं, लागला गुण.

नवव्या दिशी चारला उठून बसलं. मी म्हणलं, "आवं, अर्धा तास हाय अजून. सोनूअक्कानी लिवलंय न्हवं, फेरी पुरी होऊं दे." आणि खांद्याला धरून निजवाय गेले. तर माझा हात असा झाडला अक्का! तीस वर्सात माझ्यावर हात उगारला न्हाय की आवाज चढवला न्हाय. म्हणलं, "त्या शब्दानं मला निजवू नगंस." आणि रडलं. ल्हान पोरागत.

कागद भिंतीवरनं काढला. फाडला न्हाय. घडी घालून वाकळंच्या आत ठिवला.

काय झालंय ते तुम्हाला ठावं हाय का? मला ह्यो माणूस सांगत न्हाय.

सुलतानबी

•

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
१५ ऑक्टोबर २००३

दस्तगीर भावजी,

सुलतानबींचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं म्हणून त्यांच्यावर रागावू नका.

पूर्वी मी तुम्हाला दस्तगीरभाई लिहीत होते. हे गेले त्याच्या आदल्या रात्री ज्यांच्या घरचं जेवले, त्यांना भावजी म्हणायला हवं हे मला उशिरा सुचलं.

१९९६ साली मी एक विचारलं होतं. तुम्ही लिहिलं, चारला घोरत होते, आणि परत विचारू नका. मी विचारलं नाही. पण ती ओळ मी सात वर्षं वाचते आहे. चारला घोरत होते म्हणजे चारला जिवंत होते. अकरा वर्षांच्या रिवाजानं तेव्हा हाक मारली असती तर उठले असते, दुखतंय म्हणाले असते, कुणीतरी डॉक्टरला आणलं असतं. हाक मारायची नाही हे मी सांगितलं होतं. रोज चारला जाग आली की मी हा हिशोब करते आणि तो दर वेळी तसाच येतो.

आता कळतंय की तुम्हीही त्याच वेळी जागे असता. झोपलेल्या माणसाजवळून जाऊन चूल पेटवली, एवढ्यानं कुणी सात वर्षं जागत नाही. तुम्ही काहीतरी ठेवून घेतलंय.

मी पंचावन्न वर्षांची आहे. सांगितल्यानं मी मोडणार नाही. न सांगितल्यानं आपण दोघं काय झालो ते बघतोय. गल्लीत फोनचा बूथ आहे, पण हे फोनवर नको. लिहा.

सोनूबाई

•

नेसरी
१४ नोव्हेंबर २००३

वैनी,

तुमचं पत्र आलं तवा रोजे सुरू व्हायचं हुतं. ठरीवलं, रोज्यात लिवीन. दिसभर तोंडात पाण्याचा थेंब न्हाय आणि पोटात खोटं, असं सात वर्सं झालं. रोज्यात पहाटे उठायला निमित्त तरी असतंय. बाकी अकरा म्हैने घरच्यांना काय सांगायचं?

घोरत न्हवतं.

मी पावणेचारला उठलो. चूल पेटवली, आधण ठिवलं. पडवीत गेलो तर दादा बाजल्यावर उठून बसल्यालं. थंडी एवढी की तोंडातनं वाफ निघत हुती, आणि बनियन पाठीला चिकटल्यालं. मी म्हणलं, "काय वो दादा, चारच वाजल्यात." म्हणलं, "जळजळतंय रं. तुझ्या बायकुच्या रश्श्यानं घात केला." छाती चोळत हुतं. मी सोडा फोडला, लिंबू पिळून दिला. प्यालं. ढेकर दिली. म्हणलं, "बरं वाटलं. आता जागाच हाय तर काच पुसून घेतो."

मी म्हणलं, "न्हाय, न्हाय. अर्धा तास हाय अजून. वैनीचा हुकूम हाय, फेरी पुरी होऊं दे." असं म्हणून खांद्याला धरलं आणि निजीवलं. वाकळ मी घातली. दादा हासलं. म्हणलं, "तुझी वैनी हितं बी आली व्हय रं?" आणि कुशीवर वळलं.

तेवढंच. मी चुलीकडं गेलो. दुधाला उकळी आली. साडेचारला चा घेऊन आलो.

डाक्टरचं घर तीन गल्ल्या सोडून. मला पळत दोन मिन्टं. घाम बघितला हुता वैनी. बघितला आणि पित्त म्हणलं. उठतो म्हणणाऱ्या मान्साला मी निजीवलं. ह्या हातानं.

तुम्हाला खरं लिवलं असतं तर तुम्ही म्हणला असता, माझ्या टाइमटेबलानं निजीवलं. म्हणून झोपेत गेलं असं लिवलं. तुम्ही परत इचारलं, तवा घोरत हुतं म्हणून लिवलं. मला वाटलं, घोरत हुतं म्हणलं की निवांत वाटंल. त्या एका शब्दानं तुम्हाला काय केलं ते मागच्या पत्रात वाचलं. शिकल्याला असतो तर कळलं असतं.

वाकळ तुमची हाय. धाडू का? शिवी लिवली तरी चालंल, पण उत्तर लिवा.

दस्तगीर

•

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
२९ नोव्हेंबर २००३

दस्तगीर भावजी,
ईद मुबारक. उशिरा लिहिते आहे.

पत्र आलं त्या दिवशी मी ते एकदाच वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. राग आला होता, लपवत नाही. डॉक्टरांचं दार वाजवायला हवं होतं. हे एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही, बोलणारही नाही.

चार दिवसांनी परत वाचलं. मग माझं मला लिहावं लागलं.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये मी तुम्हाला कळवलं होतं की हे घरीही चारला उठून बसतात. घामाचं कळवलं नव्हतं. त्याही थंडीत बनियन ओलं असायचं. मी बदलायला दुसरं द्यायची. छाती चोळायचे आणि पित्त म्हणायचे. मी पुस्तक उघडलं. त्यात फेऱ्या होत्या, घाम नव्हता, म्हणून मी घामाकडं बघितलं नाही. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाचं असं होतं, भावजी. छापलेलं तेवढं दिसतं, समोरचं माणूस दिसत नाही. खांद्याला धरून मी त्यांना निजवायची आणि म्हणायची, अर्धा तास आहे अजून. तुम्ही जे केलंत, ते शब्दही माझे, ते निजवणंही माझंच. तुम्ही एकदा केलंत. मी सात-आठ वेळा केलं असेल. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेऊ शकले असते, आणि कोल्हापुरात दवाखाने तीन गल्ल्यांपेक्षा जवळ आहेत.

हे मी प्रसेनजीतलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं.

डॉक्टर वेळेवर आले असते तर ते वाचले असते का, हे मला माहीत नाही. कुणाला विचारलेलंही नाही. कुणी हो म्हटलं किंवा नाही म्हटलं, तरी चारला जाग येणारच. आपण दोघांनी त्यांचं भलं करायला जाऊन हे केलं. भलं करायचं होतं हेही खरं आणि केलं हेही खरं. यातलं एक पुसून दुसरं ठेवता येत नाही. मी पुष्कळ वर्षं तो प्रयत्न केला.

पण तुमच्या पत्रात दुसरंही आहे, आणि ते तुम्हाला दिसलेलं नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ते परगावी, अंधारात, कुणाशी एक शब्द न बोलता गेले. आज कळतंय की चारला त्यांच्यापाशी माणूस होतं. सोडा दिला. चेष्टा झाली. पांघरूण कुणीतरी घातलं. आणि "तुझी वैनी हितं बी आली व्हय रं" म्हणून ते हसले. हे माझं होतं. डेपोतल्या त्या पुस्तकासारखं ते तुमच्याकडं पडून होतं. मी मागायला आले तेव्हा तुम्ही दिलं नाहीत. आता मिळालं.

वाकळ धाडू नका. मीच येते.

दहा डिसेंबरला, बुधवारी, मुक्कामी गाडीनं येईन. एवढी वर्षं ती गाडी आमच्या घरात होती, पण मी तिच्यात कधी बसले नाही. पिराजी आता रिटायर झालाय, तो स्टँडवर येऊन बसवून देतो म्हणालाय. सुलतानबींना सांगा, रस्सा नेहमीसारखा करा. त्यांच्या रश्श्यावर कुणाचा राग नाही. जोयाला म्हणावं, ते पुस्तक तिच्यासाठी आणते आहे. वाच म्हणावं, पण आई-बापाकडं बघत वाच.

आता झोपेचं. साडेदहाला पानाचा डबा बंद. तुम्ही आत घरात झोपायचं, पडवीत नाही. वाकळ तुम्ही पांघरायची. चारला जाग आली तर उठू नका. बाजल्यावर मी बसलेली असेन. मला चारला जाग येतेच, तुम्हाला ठाऊक आहे. चूल पेटवते, आधण ठेवते. त्या अर्ध्या तासात कुणीतरी जागं असायला हवं असं आपल्याला दोघांनाही वाटतं ना? मग एक जण पुरे.

साडेचारला मी तुम्हाला हाक मारीन.

तुमची वहिनी,
सोनूबाई